सूदाबेची दुपार

"साखरेनं गेले, ते एक बरं झालं," टॅक्सीवाला म्हणाला. "नाहीतर आजकाल कुणाचे डोळे गेले म्हटलं, की माणसाच्या मनात भलतंच येतं. तसली घाण ढोसणाऱ्यांचे गेले तर मला काही वाटत नाही. भोगा म्हणावं."

शेजारी बसलेल्या अख्तरनं "देव सगळ्यांना सुबुद्धी देवो" असं काहीतरी पुटपुटत बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात सांत्वनाचा नव्हता, गप्प बसवण्याचा होता. फरंगीसनं तो उचलून बाजूला केला. डोळ्यांना काय झालं, असं टॅक्सीवाल्यानं खरं म्हणजे तिलाच विचारलं होतं, "हाज-खानम" म्हणून, अदबीनं. उत्तर मात्र अख्तरनं दिलं. दवाखान्यातून आल्यापासून हे असंच चाललं होतं. लोक फरंगीसला विचारायचे आणि अख्तर सांगायची, साखर. एव्हाना साखरेचं हे दुखणं अख्तरच्या तोंडी इतकं बसलं होतं, की आईलाही होतं, मामालाही होतं, असं ती खुशाल जोडून द्यायची. परक्यांसमोर फरंगीसच्या पुढची खजुराची बशी उचलून न्यायची, आणि घरी आल्यावर तेच खजूर तिच्या हातात द्यायची. फरंगीस ते परत करायची. ज्यांच्यासमोर खाता येत नाहीत ते खजूर मागल्या दारानं कशाला खायचे?

गाडी उजवीकडे कलली, मग अंगावर पुलाच्या सावलीचा गारवा आला. सय्यद-खंदानचा पूल. तिला सांगावं लागत नव्हतं. वीस-एक वर्षं तिनं या शहरातल्या बायकांना गाडी शिकवली होती, आणि आता शहर तिच्या पाठीत आणि मांड्यांत उरलं होतं. कुठं रस्ता खचलाय, कुठं चढ लागतो, कुठं सगळे विनाकारण ब्रेक दाबतात. हा टॅक्सीवाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उगाच रडवत होता. लोकांना वाटतं आंधळ्याला काळोख दिसतो. तिला दिसायचं ते पांढरं. धुक्यासारखंही नाही, बर्फ पडून गेल्यावर सकाळी पडदा बाजूला करावा आणि अंगणच नसावं, तसं. पहिले काही दिवस तिला वाटायचं, या पांढऱ्यावरून हात फिरवला तर खाली काहीतरी सापडेल.

ढोसणारे. भोगा म्हणावं. तिच्या मनात शब्द फिरत राहिले, आणि तिला रडू येण्याऐवजी राग आला. तो टॅक्सीवाल्यावर नव्हता. कदाचित संध्याकाळी घरी गेल्यावर तोही फ्रीजमागून बाटली काढत असेल. राग याचा आला, की भोगण्याबद्दल सगळे बोलतात, पण त्या आधीचं कुणी बोलत नाही. तो पेला तिला आवडला होता. आजही कुणी स्वच्छ चांगला पेला पुढं केला तर ती नाही म्हणणार नव्हती. हे तिनं स्वतःशी कित्येकदा तपासून पाहिलं होतं. दवाखान्यात, घरी, न्हाणीघरात भिंत चाचपताना. पश्चात्ताप कुठं सापडतो का ते शोधलं. सापडली ती तिची मैत्रीण सूदाबे, पाय वर घेऊन सोफ्यावर बसलेली.

वडील आठवले. ते उघड पिणारे होते, म्हणजे तेव्हा सगळंच उघड होतं. संध्याकाळी नाक्यावरच्या कॅफेत दोन पेले, सोबत मीठ लावलेले पिस्ते, आणि येताना मुलींसाठी खिशात उरलेले पिस्ते. क्रांतीनंतर दारूवर बंदी आली आणि एका सकाळी त्यांनी घरातल्या सगळ्या बाटल्या गल्लीतल्या पाटात ओतल्या. शेजारचेही ओतत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गल्लीला कितीतरी दिवस गोडूस वास येत होता आणि मांजरं पाटाकाठी विचित्र चालत होती. फरंगीस तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. वडील त्यानंतर संध्याकाळी काय करायचं ते शेवटपर्यंत शिकले नाहीत. दारापाशी जोडे घालून बसायचे आणि पुन्हा काढायचे. आईला वाटायचं, सुटली सवय. फरंगीसला वाटायचं, यांची संध्याकाळच कुणीतरी नेली. वर्षभरानं त्यांनी तळघरात द्राक्षांचे दोन क्रेट आणून ठेवले, आणि घर पुन्हा बोलायला लागलं, हळू आवाजात. मग सगळं शहरच हळू आवाजात बोलायला शिकलं. भाद्रपदाच्या सुमारास द्राक्षांचा महिना आला, की मंडईत माणसं एकेकटी दहा माणसांची द्राक्षं उचलायची आणि विकणारा "मुरंब्याला का?" असं गंभीर चेहऱ्यानं विचारायचा. पडदे ओढायचे, गाण्याचा आवाज लहान करायचा, चहाच्या पेल्यांतून प्यायचं, जाताना तोंडात पुदिना चघळायचा. हे इतकं अंगवळणी पडलं, की तिच्या पिढीतल्या कुणाला पडदा न ओढता हसताच येत नव्हतं.

फरंगीस आणि सूदाबेच्या गुरुवारच्या बैठकीला माल पुरवायचा तो वर्तान, म्हातारा अर्मेनियन. स्वतःच्या घरात मनुकांची दारू गाळायचा आणि पहिला घोट स्वतः घेऊन दाखवल्याशिवाय बाटली हातात देत नसे. तो मुलीकडे अमेरिकेला निघून गेला. मग सूदाबेला कुणाकडून तरी नवा साकी, दारू पोचवणारा, मिळाला. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. मोटरसायकल, हेल्मेट, आणि लोणच्याच्या बरणीची पिशवी. "लिंबाचं सरबत आलंय का?" असं फोनवर विचारायचं. त्यानं घोट घेऊन दाखवला नाही, आणि यांनीही म्हटलं नाही. कायदा असता, दुकान असतं, बाटलीवर कुणाचं नाव असतं, तर कुणाची तरी मान धरता आली असती. हेल्मेटची मान कोण धरणार?

गुरुवारी दुपारी त्या दोघी प्यायल्या. शुक्रवारी सकाळी फरंगीसला वाटलं, खोलीत कुणीतरी पीठ उधळलंय. मग पोट, मग श्वास. अख्तर वरच्या मजल्यावरून धावत आली, बरणी पाहिली, वास घेतला, आणि आधी बरणी मोरीत रिकामी करून विसळली. मग रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यात तरुण डॉक्टर वाकून विचारत होता, "काय खाल्लं? काय प्यायलं?" फरंगीसच्या घशात नळी होती. अख्तर म्हणाली, "अळंबी. डोंगरातली अळंबी आणली होती कुणीतरी." दुपारभर ते तिच्या पोटातली अळंबी धूत राहिले. आत कुठंतरी तिला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं आणि ती बोटांनी चादरीवर लिहायचा प्रयत्न करत होती, सूदाबे, सूदाबे, तिला फोन करा. नर्सनं हात बांधला. संध्याकाळी रक्ताच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरनं अख्तरला बाहेर काढलं, दार लावलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "खानम, अळंबी असं करत नाही. मी पोलीस नाही. नुसता हात दाबा." तिनं दाबला. मग त्यांनी तिला जे चढवलं ती दारूच होती. त्या विषावर उतारा म्हणून शुद्ध, मोजलेली, सरकारी दवाखान्यात सरकारी नर्सनं लावलेली. फरंगीसला नळीमागं हसू आलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती पडदा न ओढता पीत होती. पण डोळ्यांना ती उशिरा पोचली. आणि सूदाबेला पोचलीच नाही. तिच्या दिरानं, हाजी नासरनं, तिचं मरण हृदयविकार म्हणून नोंदवून घेतलं. त्याची ओळख होती.

"उतरायचंय," अख्तर म्हणाली. "आणि हे बघ, आत गेल्यावर नुसती फातेहाची प्रार्थना म्हणायची, हलवा घ्यायचा—"

"साखर आहे ना मला?"

"मग नको घेऊस. पण गप्प बसायचं. आज सूदाबेचा चाळिसावा दिवस आहे, फरंगीस. तमाशा नको."

यूसुफाबादच्या चढावर तिचे पाय आपोआप सूदाबेच्या घराकडे वळले. या पायऱ्या ती कितीदा चढली होती. सूदाबे तिची शिकाऊ म्हणून आली होती, नवरा गेल्यानंतर, चाळिशीत, लोकरीचं छोटं दुकान चालवणारी, आणि पहिल्याच दिवशी चौकाच्या मधोमध गाडी बंद पाडून मागच्या हॉर्न वाजवणाऱ्यांना खिडकीतून म्हणाली होती, "थांबा, विचार करतेय." त्या दिवशीच फरंगीसनं ठरवलं, ही बाई सोडायची नाही.

दारात गुलाबपाण्याचा आणि केशरी हलव्याचा वास आला. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका आत, मध्ये पडदा. जमिनीवर बसताना कुणीतरी तिचा खांदा धरून खाली दाबलं, आंधळ्या माणसाला सगळे दाबतात तसं. हाजी नासरची बायको बतूल बोलत होती. तिचा आवाज पाझरत होता.

"शुक्रवारची नमाज झाली हो, जानमाजची चटई अजून पसरलेली. हातात तस्बीहची माळ. एकटीच होती बिचारी. आदल्या दिवशी गुरुवारीसुद्धा दिवसभर एकटी, घरातच, कुराण वाचत. मी वरून हाक मारली तर म्हणाली, वहिनी, आज मन लागत नाही. जणू कळलं होतं तिला."

बायकांनी हुंदके दिले. फरंगीस ऐकत राहिली. सूदाबेनं इतक्या वर्षांत जानमाज पसरलेली तिनं पाहिली नव्हती. चाळीस दिवसांत या लोकांनी एक नवीन सूदाबे विणून काढली होती, घट्ट, एकरंगी. त्यात चौक नव्हता, दुकान नव्हतं, गुरुवार नव्हता. मेली ती कोण मग? आणि जिला हे रडत होते ती कुठं राहत होती?

"दिवसभर घरातच होती?" एक आवाज आला. तो तरलानचा, सूदाबेच्या मुलीचा. इस्फहानहून आलेली. आवाज रडून बसलेला नव्हता, कोरडा होता. "मग फोन का नाही उचलला, काकू? गुरुवारी दुपारी मी किती वेळा केला. घरात एकटी होती, हातात काम नव्हतं, आणि माझं नाव बघून उचलला नाही."

"अगं, झोपली असेल."

"आत्ता म्हणालात कुराण वाचत होती."

"तरलान, बाई, आता त्याचं काय—"

"आमचं भांडण झालं होतं. मी तलाक घेते म्हटलं म्हणून ती ओरडली, मीही ओरडले. मला माफी मागायची होती. तिला माझा आवाजसुद्धा नको होता, एवढंच मला कळायचंय. कळलं." ती उठू लागल्याची सळसळ झाली.

अख्तरची बोटं फरंगीसच्या मनगटात रुतली. फरंगीस आता बोलणार, हे ती आधीच ओळखून होती. ती बोटं म्हणत होती, दारूला ऐंशी फटके. ती बोटं म्हणत होती, हाजी नासर, पोलीस, शेजारी. फरंगीसला त्या क्षणी भीती वाटली नाही असं नाही. पण तिला दिसत होती ती पावाची पेटी. तिच्याच स्वयंपाकघरातली, पत्र्याची. गुरुवारी दोघींचे फोन त्या पेटीत जायचे, कारण कुणीतरी सांगितलं होतं की फोन बंद असला तरी ऐकतो. त्या पेटीत पावाच्या तुकड्यांवर सूदाबेचा फोन थरथरत होता, आणि बाहेर दोन बायका हसत होत्या, आणि त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

"तुझी आई घरी नव्हती, तरलान," ती म्हणाली. आवाज मोठा निघाला, गाडीत शिकाऊ बाईनं चुकीचा पेडल दाबल्यावर निघायचा तसा. "गुरुवारी ती माझ्याकडे होती. नारमकला. फोन माझ्या पावाच्या पेटीत होता. आम्ही पीत होतो."

खोलीतलं रडणं एकदम थांबलं. पडद्यापलीकडचं पुरुषांचं बोलणंही थांबलं.

"हिला साखर आहे," अख्तर घाईनं म्हणाली. "डोक्यात गेलीय हिच्या—"

"साखर नाही. अळंबी नाही. हृदयही नाही. एका बरणीतून आम्ही दोघी प्यायलो. माझे डोळे गेले, ती गेली."

"बाहेर काढा या बाईला!" बतूलचा आवाज आता पाझरत नव्हता. "मेलेल्या बाईवर चिखल उडवते! आंधळी झाली तरी लाज—"

पडद्याच्या कड्या वाजल्या. हाजी नासर पडद्याच्या पलीकडूनच बोलला, सावकाश, सवयीच्या माणसासारखा. "फरंगीस-खानम. आपण दुःखात आहात, म्हणून मी ऐकलं नाही असं समजतो. हे माझ्या भावाचं घर आहे. त्याची अब्रू आहे. आपण कुठं काय बोललात ते उद्या तिसऱ्या कुणाला कळलं, तर पाठ कुणाची उघडी पडेल, याचा विचार करा."

"केला," फरंगीस उठत म्हणाली. उभं राहताना तिचा तोल गेला, हलव्याची बशी पायाखाली आली. "चाळीस दिवस दुसरं काय करतेय? अब्रू तुमची असेल, हाजी-आगा. दुपार तिची होती. ती मी तुम्हाला द्यायची नाही."

कुणीतरी तिच्या हातात जोडे कोंबले. दार मागं बंद झालं. जिन्यात गार वारा होता आणि फिनेलचा वास. अख्तर अंगभर ओढलेली चादर सावरत, धापा टाकत पायऱ्या उतरत होती, आणि अर्ध्या जिन्यात ती फुटली.

"झालं समाधान? आता येतील घरी. येऊ देत. मी दवाखान्यात अळंबी म्हटलं म्हणून तू माझ्याशी धड बोलत नाहीस, कळत नाही का मला? पुन्हा तशी वेळ आली तरी तेच म्हणेन. दाराशी पोलीस शिपाई बसला होता. डोळे गेले, पण पाठ वाचवली मी तुझी!"

"पाठ माझी होती, आबजी," फरंगीस बहिणीला म्हणाली.

"बहीण माझी होती!"

फरंगीसचा राग होता तिथंच होता, आणि तरी जिन्यात बहिणीचा श्वास लहानपणी तळघरात लपताना ऐकू यायचा तसा ऐकू येत होता. दोघी उभ्या राहिल्या. वरचं दार उघडलं, मिटलं, आणि अनवाणी पावलं खाली आली.

"खाला." मावशीला मारतात तशी ती हाक तरलानची होती. ती दोन पायऱ्या वर थांबली. "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगत असाल, तर आत्ताच सांगा."

"बरं वाटावं म्हणून सांगायचं असतं तर जानमाज बरी होती."

तरलान पायरीवर बसली. "काय घातलं होतं तिनं?"

"तो हिरवा स्वेटर. स्वतः विणलेला, एक बाही लांब झालेला."

"मी म्हणायचे टाकून दे."

"सांगितलं तिनं. म्हणाली, पोरगी टाकून दे म्हणते, म्हणून मुद्दाम घालते." फरंगीसनं भिंतीला हात लावून पायरी शोधली आणि तीही बसली. "तू भांडलीस ते सगळं सांगितलं. तुझी नक्कल केली. तू फोनवर 'आई, मी काही बाहुली नाही' म्हणालीस ना? ते उभं राहून, कमरेवर हात ठेवून. मग म्हणाली, माझी ओरडायची चूक झाली. मी नवरा होता तोवर गाडीसुद्धा शिकले नाही, आणि ही माझ्याआधी शिकली. कुणाच्या बापाचं ऐकायची नाही ही. आणि पेला वर केला. तरलानच्या नावानं, म्हणाली. पहिला पेला तुझ्या नावाचा होता. तोच..." ती थांबली. हे तिनं ठरवलं नव्हतं. पण अर्धं सांगून चालणार नव्हतं. "तोच त्या बरणीतला पहिला. हे तुला सांगायला नको होतं कदाचित. पण तो पिताना ती खूश होती. ते दोन्ही खरं आहे."

तरलानचं कपाळ फरंगीसच्या खांद्याला लागलं, आणि खांद्याला ओल जाणवली, पण आवाज आला नाही. शेवटी ती म्हणाली, "मग?"

"मग काय, दुसऱ्या पेल्यानंतर तिला गाडी मागं घेऊन दाखवायची होती."

"प्यायलेली असताना?"

"गाडीत नाही गं! माझ्या दिवाणखान्यात. चहाचा ट्रे हातात घेतला स्टिअरिंग म्हणून, सोफ्यावर उलटी बसली, आणि सांगते कशी, आज मी एका दमात घेणार. आणि पायानं रेटत रेटत आख्खा सोफा मागं. मी ओरडतेय, डावीकडे, सूदाबे, डावीकडे! ती म्हणते, आरशात तर काही नाही. आरसा कुठला! मागं माझं लिंबाचं झाड, कुंडीतलं—"

तरलानच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. आधी फरंगीसला वाटलं, हुंदका. मग कळलं.

"खरंच आरसा म्हणाली?"

"हात वर करून तो नीटसुद्धा केला. हवेतला."

"ती तेच करायची! आधी आरसा नीट करायची आणि मग न बघता ठोकायची!" तरलान हसत होती, रडत होती, पुढं काय होतंय ते तिच्या हातात राहिलं नव्हतं, आणि जिन्यात ते हसू वर वर चढत गेलं. फरंगीसला आपणही हसतोय हे जरा उशिरा समजलं. खालच्या पायरीवर चादरीची सळसळ झाली. अख्तर बसली होती.

"आणि तू?" अख्तरनं विचारलं, अजून फुरंगटलेल्या आवाजात. त्या दुपारबद्दल तिनं विचारलेलं ते पहिलंच. "तू काय करत होतीस, ती सोफा ढकलत असताना?"

"मी? मी वाहतूक थांबवत होते."

वरचं दार धाडकन उघडलं. "लाज नाही वाटत?" बतूल कठड्यावरून ओरडली. "चाळिसाव्याच्या दिवशी दात काढता? लोक ऐकतायत!"

तरलाननं नाक ओढलं, तोंड पुसलं आणि मान वर करून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, दार लावून घ्या. आई अजून गाडी मागं घेतेय."